रिकामा ग्लास आधी हुंगावा

माझ्या हातात कुणी चहाचा कप दिला की तो आधी नाकाशी जातो. धाकट्या नणंदेने एकदा भर पाहुण्यांत विचारलं होतं, "वहिनी, मी विषबिष घातलंय असं वाटतं का गं तुला?" तसं वाटत नाही. म्हणजे बहुतेक वेळा वाटत नाही. पण जिने एकतीस वर्षं दारू हुंगून पगार घेतला तिचं नाक निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात जमा होत नाही. नाकाबरोबर संशयही घरी येतो.

मी दहिवलीची. घरची भातशेती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि साजगावच्या बाजूला दारूच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. घरी 'केमिकल कंपनी' एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. सहा महिन्यांनी बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मावशीने माझी ओढणी हुंगली आणि बिंग फुटलं. त्यानंतर गावात माझं नाव पडलं 'हुंगणारी'. लग्नाच्या बोलण्यात मुलाकडच्यांनी विचारलं, "मुलगी पिते का?" वडील म्हणाले, "थुंकते." ते अक्षरशः खरं होतं. लग्न तरीही जमलं, कारण आमच्या ह्यांना उत्तर आवडलं.

बाहेरच्यांना वाटतं, चव घेणं म्हणजे चैन. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी हिंगाची फोडणी चालत नाही, कांदा चालत नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, गजरा नाही. सकाळी अकराच्या सुमाराला नाक सगळ्यात जागं असतं, तेव्हा बसायचं. कडक दारूत निम्मं पाणी घालायचं, कारण नुसत्या स्पिरिटचा झटका बसला की नाक मिटतं आणि खोट आत लपून राहते. आधी हुंगायचं, मग चमचाभर तोंडात फिरवायचं आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचं. शंका आली तर तीन ग्लास मांडायचे. दोनांत एकच माल, तिसऱ्यात दुसरा, आणि कुठल्यात काय हे आपल्याला ठाऊक नसतं. वेगळा कोणता ते बरोबर ओळखता आलं तर शंका खरी, नाहीतर मनाचे खेळ. या सगळ्याच्या आधीचा नियम मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवला. रिकामा ग्लास आधी हुंगावा. साबण, ओलं फडकं, कपाटातला कोंदट वास, निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

या नियमावर मी नाव कमावलं. एकदा कारखान्यात आठवडाभर माल बिघडला होता. मोठी माणसं यंत्रं उघडून बसली होती. मी आधी नुसतं पाणी हुंगलं आणि म्हटलं, पाणी बदललंय. टँकरवाला शपथा घेऊ लागला. शेवटी कबूल झाला की नेहमीची विहीर सोडून तो जवळच्या तळ्यावर भरत होता. तळ्याचं पाणी शेवाळाने मातकट झालं होतं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून कुणी शपथ घेतली की मला आधी त्या माणसाचाच संशय येतो.

निवृत्त झाले तोवर कर्जतच्या आसपास नवंच वारं सुटलं होतं. फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांना आता 'स्थानिक' हवं होतं. मोहाची, करवंदाची, जांभळाची, मधाची. मोठ्या कारखान्याची बाटली ठेवणं म्हणजे मागासलेपणा झाला. नेरळच्या अलीकडे रिसॉर्ट चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, माल कुणाचा खरा आणि कुणाचा खोटा, हे तुम्ही सांगायचं. तुम्ही हो म्हणाल त्याचाच मी ठेवणार." मला तेच हवं होतं. घरात बसून फक्त नणंदेचा चहा हुंगण्यात काय राम?

पहिलाच मासला असा की संशयाला खतपाणी मिळालं. मुंबईहून आलेल्या एका गोड बोलणाऱ्या तरुणाने मोहाची बाटली आणली. लेबलावर पाड्याचं चित्र, ढोलबिल. मी थेंबभर तळहातावर चोळली आणि स्पिरिट उडू दिलं. खऱ्या मोहाचा मागे सुकल्या फुलांचा, जरा धुरकट वास राहतो. इथे लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा उरला. "इसेन्स कुठला वापरता?" मी विचारलं. तो जो गेला तो बाटली न्यायलाही परतला नाही.

दुसरे होते एक निवृत्त अधिकारी. बंगल्यामागे हौसेने भट्टी लावली होती. छाती पुढे काढून म्हणाले, "पहिल्या धारेची आहे, बाई. अस्सल." आपल्याकडे पहिल्या धारेचं फार कौतुक. पण भट्टीतून अगदी सुरुवातीला जे निथळतं ते नखाच्या पॉलिशसारखं उग्र असतं. ते फेकून द्यायचं असतं, जपायचं नसतं. हे महाशय नेमकं तेच काढून पाहुण्यांना पाजत होते आणि पाहुण्यांची डोकी धरली की 'बघा, कशी चढली' म्हणून खूष होत होते. मी तोंडात न घेताच ग्लास खाली ठेवला. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे पाहुण्यांनीही त्यांच्याकडे जाणं टाकलं.

असे चारपाच बरोबर ओळखले की माणूस स्वतःला देव समजू लागतो. या भरातच मी लोधिवलीला गेले.

दत्ताराम आणि सुनंदा भोईर. शेताच्या बांधावर त्यांची जांभळाची नऊ जुनी झाडं. दत्ताराम खोपोलीच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला होता. ते सोडून दोघांनी जांभळाची सायडर करायला घेतली होती. सायडर खरी सफरचंदाची, पण हल्ली कुठल्याही फळाच्या हलक्या, फसफसणाऱ्या दारूला तोच शब्द लावतात. परवाना सुनंदाच्या नावावर. त्या कागदासाठी तिने दोन वर्षं कचेऱ्या झिजवल्या. भावकीने टिंगल केली, सासूने अबोला धरला. आता रिसॉर्टच्या मालकांनी सांगितलं होतं की मॅडमनी पास केली तर अख्ख्या हंगामाची सायडर मीच उचलतो. नाही केली तर दत्तारामला परत कंपनीचं गेट गाठावं लागणार होतं. हे सगळं मला जाण्याआधीच ठाऊक होतं. त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही, वाढला. ज्याला गरज फार, तो लबाडी करणार, असं माझं गणित.

गणेश विसर्जन होऊन गेलं होतं. चौकपर्यंत बसने आणि पुढे रिक्षाने पोचले. पडवी सारवलेली, टेबलावर धुवट चादर, वर स्टीलचे चार पेले चकचकीत घासून मांडलेले. सुनंदाने पेला पुढे केला. मी तो रिकामाच नाकाशी नेला आणि म्हटलं, "साबण."

तिचा चेहरा पडला. "तीनदा खंगाळला हो, मॅडम."

"तरी येतो. कुणाचाही ग्लास घेतला की रिकामा आधी हुंगायचा, सुनंदा. लक्षात ठेवा. निम्मी खोट तिथेच कळते. म्हणून माझे ग्लास मी बरोबरच आणते." असं म्हणून मी थैलीतून माझे काचेचे ग्लास काढले, माझ्या खास फडक्याने पुसले आणि मांडले. ते फडकं मी स्वतः धुते, साबण न लावता. घरात कुणाला हात लावू देत नाही.

सायडर ओतली. रंग सुरेख, फेस बारीक. हुंगली. आधी जांभळाच्या सालीचा वास, आणि त्याच्या मागोमाग दुसरा. डांबरी, रसायनाचा. मी पुन्हा हुंगली. तोच. दुसऱ्या बाटलीतली घेतली. तोच. आणि मान वर केली तर पडवीच्या कोपऱ्यात निळा प्लॅस्टिकचा ड्रम.

आमच्या भागात या ड्रमांना तोटा नाही. साजगावच्या कारखान्यांतून रिकामे झाले की ते भंगारात जातात आणि तिथून घरोघरी. पाण्याला, चुन्याला, धान्याला. आत पूर्वी काय होतं ते कुणी विचारत नाही. फळांचा रस आंबवायला ते वापरणारेही मी पाहिले होते.

"हा ड्रम कुठला?" मी विचारलं.

"साजगावचा. भंगारवाल्याकडना आनला," दत्ताराम म्हणाला. मग माझ्या नजरेतला अर्थ त्याला कळला. "नाय नाय मॅडम, त्यात भाताचं बी हाय. हे बगा." त्याने झाकण उघडलं. आत खरंच भात होता. "सायडर सगली स्टीलच्या टाकीत केली. या डरमात जांभलाचा थेंब पन नाय परला."

आज भात आहे, जूनमध्ये काय होतं? माझ्या मनात आलं. दाखवायला भात ओतायला किती वेळ लागतो?

सुनंदाने माझ्याच ग्लासातली हुंगली. मग हळूच म्हणाली, "बारीकसा येतो कायतरी. पन आमच्या बाटलीला नाय येत. मॅडम, आमच्या पेल्यातना बगा ना एकदा."

"साबणाच्या पेल्यातून?" मी म्हटलं. "तुम्हाला सवय झालीय, सुनंदा. घरातला वास घरच्यांना येत नाही."

हे वाक्य मी फार ऐटीत बोलले. नंतर ते मला कितीदा ऐकू आलं ते मीच जाणते.

नियमाप्रमाणे लाखेने बंद केलेल्या दोन बाटल्या पुराव्यासाठी माझ्याकडे ठेवून घेतल्या आणि लिहून दिलं: रसायनाचा वास, दूषित ड्रमचा संशय, विकण्यास अयोग्य. दत्ताराम मला रिक्षापर्यंत सोडायला आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, पोटात गेलं तर कायी व्हईल का कुनाला?" मी म्हटलं, "सांगता येत नाही."

तिसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या मालकांचा फोन. "मॅडम, त्याने सगळी ओतून टाकली म्हणे. बांधावर खड्डा खणून. टाकीच्या टाकी."

माझ्यासारख्या बाईला यावर काय वाटावं? एका शब्दावर जो वर्षाची मेहनत मातीत ओततो तो लबाड नसावा, एवढी साधी गोष्ट सुचायला हवी होती. मला सुचलं, की पुरावा नाहीसा केला. मी तसं मालकांना बोलूनही दाखवलं. त्यांनी ते आणखी कुणाला सांगितलं असणार, कारण आठवड्याभरात चौकच्या बाजारात 'ड्रमची दारू' हा शब्द फिरू लागला. सुनंदाच्या घरचं दूध घेणाऱ्यांनी दूध बंद केलं. दत्ताराम पुन्हा कंपनीत लागला. हे सगळं माझ्या कानावर येत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, वाईट वाटतं, पण खोटं कसं लिहायचं?

दिवाळीची साफसफाई निघाली. आमचे हे स्टुलावर चढून कपाटाचा वरचा कप्पा आवरत होते. तहान लागली म्हणून त्यांनी समोर होता तो ग्लास घेतला, माठातलं पाणी ओतलं आणि घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "अगं, पाण्याला डांबरगोळीचा वास मारतोय."

मी आधी नळाच्या पाण्याचा संशय घेतला. मग माठाचा. माठ हुंगला, तो स्वच्छ. मग ह्यांचाच घेतला, म्हटलं गोळ्या हाताळल्या असतील. त्यांनी हात पुढे केले. हातांना नुसती धूळ. मग मी त्यांच्या हातातला ग्लास पाहिला. तो माझा होता, वरच्या कप्प्यातल्या थैलीतला, आणि थैलीशेजारी डांबरगोळ्या पडल्या होत्या.

"या थैलीजवळ गोळ्या कुणी टाकल्या?"

"मीच. पावसाळ्याच्या तोंडाशी झुरळं झाली होती ना. तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, टाका."

सांगितलं असेल. थैली मे महिन्यानंतर मी एकदाच काढली होती, लोधिवलीला. चार महिने फडकं आणि ग्लास डांबरगोळ्यांच्या शेजारी नांदत होते. कपाट तेच, माझ्या साड्याही त्यातल्याच, त्यामुळे घरात मला काही कळलं नाही. घराबाहेर पडून तासभर मोकळ्या हवेत गेल्यावर तोच वास परका होऊन नाकात शिरला, आणि समोर निळा ड्रम होता.

सुनंदाचा पेला मी रिकामा हुंगला होता. माझा नव्हता हुंगला. माझ्यावर कशाला संशय घ्यायचा?

मी घरातला स्टीलचा पेला गरम पाण्याने धुतला, हुंगला, आणि पुराव्यासाठी ठेवलेल्या दोनांतली एक बाटली उघडली. डांबराचा मागमूस नव्हता. जांभळाची साल, थोडी मिठासारखी चव, शेवटी जिभेला धरून ठेवणारा तुरटपणा. इतकी नीट केलेली फळाची दारू मी आमच्या भागात तरी चाखली नव्हती. मी रडले. ह्यांनी पेला उचलून मोरीत ठेवला.

रिसॉर्टच्या मालकांना लगेच फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, आता मी दुसरीकडचा माल लावला. आणि बाजारात बोलतात त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार?" ते पहिल्यांदा बोललं कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोधिवलीला गेले. दत्तारामची साप्ताहिक सुट्टी होती. पडवीत तोच ड्रम, त्यावर आता सुपलं पालथं घातलेलं. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गोळ्या, फडकं, ग्लास. माफी मागितली.

दत्ताराम म्हणाला, "म्हंजे आमची चांगली व्हती?"

"फार चांगली होती."

"आन मी वतून टाकली." त्याने हातांकडे पाहिलं. "कुनाच्या पोटात जाईल म्हनून वतली, मॅडम. तुमी बोलला सांगता येत नाय, म्हनून."

सुनंदा उंबऱ्यात उभी होती. "मी बोलली व्हती तुमाला. आमच्या पेल्यातना बगा."

"हो," मी म्हटलं.

"मंग बगितलं का नाय?"

मी म्हटलं, "मी लिहून देईन. जिथे म्हणाल तिथे येऊन सांगेन, बाजारात उभी राहून सांगेन." सुनंदा म्हणाली, "लिवा. नाव घालून लिवा. आमचं पन नाव घाला." म्हणून या लेखात नावं खरी आहेत.

मी थैलीतून दुसरी बाटली काढून टेबलावर ठेवली. लाख अजून तशीच होती. दोघं तिच्याकडे पाहत राहिली. नऊ झाडांच्या अख्ख्या हंगामातलं तेवढंच उरलं होतं. बरोबर नवे ग्लासही आणले होते, तीन, गरम पाण्याने धुतलेले. ते मांडले.

सुनंदा पुढे आली. तिने पहिला ग्लास उचलला आणि रिकामाच नाकाशी धरला. घाई केली नाही. डोळे मिटून हुंगला, बाजूला धरून मोकळा श्वास घेतला, पुन्हा हुंगला. मग दत्तारामच्या हातात दिला. त्यानेही हुंगला. असे तिन्ही ग्लास झाले. मी समोर हात मांडीवर ठेवून बसले होते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना असं समोर बसवत आले, त्यांना कसं वाटत असेल ते तेव्हा कळलं.

"कायी नाय येत," सुनंदा दत्तारामला म्हणाली आणि तिने स्वतः ओतली. तिघांना सारखी.

मी हुंगली. घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि सवयीने थुंकायचं भांडं कुठे आहे ते पाहू लागले.

"मॅडम," सुनंदा म्हणाली, "थुकू नका. एवढीच हाय."

मी गिळली. जांभळाचा तुरटपणा घशाला धरून बसला, तो परतीची बस घरच्या थांब्याला पोचली तरी सुटला नव्हता.